बत्तीवाल्याचं कोणी ऐकलंच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एक छोटीशी बातमी होती, अमेरिकेत १३९ वर्षांनी भुताचं जहाज सापडलं अशी. जहाजाचं नाव 'एफ. जे. किंग'. मी पेपर मोबाइलवरच वाचतो, इकडे कागदी कुठला मिळायला. बातमी जेमतेम दहा ओळींची आणि त्यात तीन चुका. जहाजाची लांबी १४४ मीटर छापलीय, ती १४४ फूट आहे, म्हणजे साधारण ४४ मीटर. समुद्रात सापडलं असं लिहिलंय, ते तळ्यात सापडलंय, आता त्या तळ्याला तळं म्हणावं का हा वेगळा प्रश्न. आणि खजिना शोधणाऱ्या टोळीला सापडलं असं लिहिलंय, तर त्या जहाजात काय होतं माहितेय का, लोखंडाची माती. खनिज. खाणीतून काढून भट्टीत घालायला चाललेलं. त्याच्यासाठी कोण पाण्यात उडी मारणार.

चुका होतात, त्याबद्दल राग नाही. पण बातमीत जी गोष्ट आलीच नाही ती मला जास्त लागली, म्हणून हे लांबलचक पत्र. कापून छापलंत तरी चालेल पण त्यातला बत्तीवाला, म्हणजे दीपगृहाचा रखवालदार, तेवढा कापू नका.

मी मूळचा देवगड तालुक्यातला. वडील फत्तेमारीवर, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतावर, खलाशी होते, कौलं, मीठ, नारळ असला माल घेऊन मुंबईला जायचे यायचे. मी स्वतः कधी दर्यावर गेलो नाही, किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो आणि तिथूनच रिटायर झालो. सध्या सहा महिन्यांसाठी मुलीकडे आलोय, विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे म्हणून गाव आहे तिथे. दिवसभर मुलगी जावई कामावर, नात शाळेत, मग मी बसतो लोकल बातम्या बघत, आणि सप्टेंबरमध्ये एक दिवस हे जहाज टीव्हीवर आलं. पाण्याखालचे फोटो, शेवाळी हिरवा उजेड, आणि त्यात लाकडी जहाज, अख्खं. मी चहा तसाच ठेवून बघत बसलो.

आधी तळ्याचं सांगतो कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. लेक मिशिगन. लांबी जवळजवळ ५०० किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १९० किलोमीटर, सगळ्यात खोल जागी २८० मीटर पाणी. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा फुटतात, वादळं होतात, जहाजं बुडतात, फक्त पाणी गोडं. पहिल्या दिवशी मी ओंजळभर पाणी तोंडात घेऊन बघितलं, विश्वासच बसेना, क्षितिजापर्यंत पाणी आणि खारटपणाचा पत्ता नाही, नाकाला वास पण नाही. आमच्यासारख्याला वासाशिवाय दर्या म्हणजे मीठ विसरलेली आमटी.

तर या तळ्यावर आणि त्याच्या शेजारच्या चार तळ्यांवर एकोणिसाव्या शतकात सगळा माल शिडाच्या जहाजांनी फिरायचा. स्कूनर म्हणतात. दोन किंवा तीन डोलकाठ्या, शिडं जहाजाच्या लांबीच्या दिशेने लावलेली, त्यामुळे थोडक्या माणसांत चालतं आणि मालकाला परवडतं. उत्तरेकडून लाकूड आणि खनिज खाली शिकागोला, तिथून धान्य पूर्वेकडे, परत येताना कोळसा. आजच्या ट्रकसारखं समजा. रस्त्याने जाणाऱ्या ट्रकचं नाव कोण लक्षात ठेवतं, तसंच यांचं, बुडालं तर दोन दिवस पेपरात, मग विसरले. या पाचही तळ्यांत मिळून सहा ते दहा हजार जहाजं बुडाली असतील असा अंदाज इकडे देतात आणि त्यातली बरीचशी अजून सापडलेलीच नाहीत. कुठे पडली आहेत देव जाणे.

आपल्या बातमीतलं जहाज म्हणजे 'एफ. जे. किंग'. ओहायो राज्यात टोलेडो गावी १८६७ साली बांधलं, तीन डोलकाठ्यांचं, धान्य आणि खनिज वाहायला. १५ सप्टेंबर १८८६. एस्कनाबा नावाच्या बंदरातून खनिज भरून शिकागोला निघालं होतं. एस्कनाबा वरच्या बाजूला, शिकागो पार खालच्या टोकाला, आणि मध्ये एक लांब जिभेसारखी जमीन तळ्यात शिरलीय, तिला डोअर काउंटी म्हणतात. हे डोअर म्हणजे साधं दार नाही बरं का, मृत्यूचं दार, तिच्या टोकाशी असलेल्या सामुद्रधुनीला फ्रेंच लोकांच्या काळापासून हेच नाव आहे, आणि आता तिथे लोक चेरी खायला आणि फोटो काढायला जातात. तर त्या जिभेला वळसा घालून बेलीज हार्बर गावाच्या बाहेर आल्यावर वादळाने गाठलं. आठ-दहा फुटांच्या लाटा. कोकणातला माणूस म्हणेल आठ-दहा फूट म्हणजे काय मोठं, पण तळ्यातली लाट आखूड असते, एकीतून नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वर येते न येते तोवर दुसरी बसते, आणि पोटात लोखंडाचं ओझं. फळ्यांचे सांधे सुटले. लाकडी जहाजाचं सगळं त्या सांध्यांवर असतं, वडील पावसाळ्यात फत्तेमारी वर ओढली की सांध्यात कापूस ठोकून बसवायचं काम तासन् तास करायचे, तो ठकठक आवाज माझ्या अजून कानात आहे. एकदा सांधा सुटला की पंप मारून किती मारणार. या लोकांनी पण तासन् तास पंप मारले म्हणे.

शेवटी कप्तानाने सगळ्यांना छोट्या होडीत उतरवलं. कप्तानाचं नाव विल्यम ग्रिफिन. रात्री दोनच्या सुमारास जहाज नाळ खाली करून गेलं. पुढून पाणी भरत गेलं तशी आतली हवा मागे मागे दाबली गेली असणार, कारण मागची केबिन स्फोट झाल्यासारखी उडाली आणि तिच्याबरोबर कप्तानाचे कागदपत्र ५० फूट हवेत. हे मला डोळ्यासमोर येतं आणि हलत नाही. काळोख, वादळ, होडीत भिजून बसलेली माणसं आणि वर कागद उडतायत. आम्हा कारकुनांना कागद उडालेला बघवत नाही.

माणसं वाचली, ही त्यातली चांगली गोष्ट. 'ला पेतीत' नावाचं दुसरं एक स्कूनर तिथून जात होतं त्याने उचललं आणि बेलीज हार्बरला आणून सोडलं.

आता मुद्दा. कप्तान म्हणाला, जहाज किनाऱ्यापासून साधारण पाच मैलांवर बुडालं. त्याचवेळी जवळच्या काना बेटावरचा बत्तीवाला, विल्यम सँडरसन, त्याने कळवलं की मला पाण्यातून वर आलेल्या डोलकाठ्या दिसल्या, आणि त्या कप्तान सांगतो त्यापेक्षा किनाऱ्याला जवळ होत्या. दोन माणसं, दोन जागा.

खरं कोणाचं धरलं असेल? बरोबर. कप्तानाचं. आपल्याकडे पण साहेबाच्या सहीपुढे शिपायाचा शब्द कोण विचारतो. शिवाय कप्तान प्रत्यक्ष जहाजावर होता ना, त्याला माहीत नसणार तर कोणाला. पण मला विचाराल तर रात्री दोन वाजता, अनेक तास पंप मारून हात गळलेले असताना, वादळात होडीत बसलेल्या माणसाला किनारा किती लांब आहे हे सांगता येणं शक्यच नाही, त्याला तो पाच काय पंधरा मैल वाटला असेल. उलट बत्तीवाल्याचं आयुष्यच एका जागेवरून पाण्याकडे बघण्यात जातं, कुठली लाट कुठे फुटते, कुठला खडक कुठे, त्याला पाठ असतं. त्या माणसाला काल नव्हत्या त्या डोलकाठ्या आज दिसल्या तर त्या कुठे दिसल्या हे चुकणार नाही. हे माझं मत, कप्तानाला दोष द्यायचा नाही, त्याने सगळी माणसं जिवंत आणली.

पुढे मच्छीमार पण सांगायला लागले की आमच्या जाळ्यात जहाजाचे तुकडे येतात म्हणून. १९७० च्या दशकापासून हौशी लोकांनी शोधायला सुरुवात केली, ग्रीन बेच्याच एका डायव्हिंग क्लबने हजार डॉलर बक्षीस लावलं. सापडलं नाही. बक्षीस लावूनही सापडत नाही म्हटल्यावर मग भुताचं जहाज हे नाव पडलं. भूत बीत काही नाही हो, सगळे चुकीच्या जागी बघत होते.

मग ब्रेंडन बायलॉड नावाचे एक गृहस्थ, इथल्या पाण्याखालच्या पुरातत्त्व संघटनेचे अध्यक्ष, जुन्या कागदांतून जहाजं शोधण्यात यांचा हात कोणी धरत नाही, त्यांनी असा विचार केला की आपण जरा बत्तीवाल्याचं ऐकून तर बघू. सँडरसनने सांगितलेली जागा मध्ये धरून त्यांनी भोवती दोन चौरस मैलांचा चौकोन आखला. २८ जून २०२५ ला वीसेक हौशी मंडळी घेऊन निघाले. साइड स्कॅन सोनार म्हणून यंत्र असतं, माशाच्या आकाराचं, बोटीच्या मागे दोरीला बांधून पाण्यातून ओढायचं, ते दोन्ही बाजूंना आवाज सोडतं आणि तळावरून परत आलेल्या आवाजाचं चित्र स्क्रीनवर उमटतं. शेत नांगरतात तसं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मग वळून परत, असं जायचं. कंटाळवाणं काम. दिवसच्या दिवस नुसता तळ दिसतो. यांना किती वेळ लागला? दोन तास. पन्नास वर्षं जे सापडलं नाही ते दोन तासांत, सँडरसनने दाखवलेल्या जागेपासून अर्ध्या मैलाच्याही आत. स्क्रीनवरच्या आकाराची लांबी मोजली तर १४० फूट. एकमेकांना चिमटे काढून बघावेत असं झालं होतं म्हणे.

आपल्या बातमीत हे सगळं 'अत्याधुनिक तंत्रज्ञानाच्या साहाय्याने' या शब्दांत संपवलंय. तंत्रज्ञान होतंच, नाही म्हणत नाही. पण सोनार काही आज निघालेलं नाही, आधीच्या लोकांकडेही होतं. या वेळी वेगळं काय होतं तर १८८६ सालच्या एका रखवालदाराचं दोन ओळींचं म्हणणं कोणीतरी लिहून ठेवलं होतं, ते जपलं गेलं, आणि शेवटी एकाने ते खरं मानलं.

गेल्या रविवारी जावयाला म्हटलं मला ती बत्ती बघायची आहे. ग्रीन बेपासून गाडीने दीड दोन तास. काना बेट म्हणजे बेट असं फार नाहीच, मुख्य जमिनीपासून दगडगोट्यांचा एक चिंचोळा बांध आहे, पाणी उतरलेलं असलं की चालत जाता येतं आणि चढलेलं असलं की ट्रॅक्टरला गवताची गाडी जोडून तीत बसवून नेतात. आम्ही गेलो तेव्हा ट्रॅक्टर होता. सत्तरीतला मी, नात आणि आजूबाजूला टोप्या घातलेले गोरे म्हातारे, सगळे गवताच्या गाडीत हेलकावे खात पाण्यातून. नातीने व्हिडिओ काढलाय, मी तो फॅमिली ग्रुपवर टाकू नको म्हणून सांगितलं, तिने टाकला.

दीपगृह १८६९ सालचं, ८९ फूट उंच. आधी फिक्या पिवळ्या विटांचं होतं, पण या तळ्याच्या लाटांनी आणि बर्फाने विटा झिजायला लागल्या म्हणून १९०२ मध्ये बाहेरून पोलादी पत्रा चढवला. म्हणजे दुकानात टरबूज घेताना वाजवून बघतो तसा मी तो मनोरा वाजवून बघितला, टणटण आवाज आला. आत गोल फिरणारा लोखंडी जिना, शंभरेक पायऱ्या, मी तीनदा थांबलो. वर गेलो तर वारा असला की टोपी धरावी लागली. खाली रखवालदाराचं घर, झाडं, खडक, आणि समोर पाणीच पाणी. मी नातीला म्हटलं बघ, इथे उभा राहून त्याने डोलकाठ्या बघितल्या असतील. ती म्हणाली आजोबा पण त्याला कोणी विचारलं का नाही मग? तिला काय सांगणार. मी म्हटलं विचारायला उशीर झाला.

आता जे लिहितोय ते लिहू का नको असं चार दिवस चाललं होतं.

आमच्या त्या बंदराच्या कचेरीत मागच्या खोलीत जुनी रजिस्टरं होती. लाल कापडी बांधणी, कोपऱ्यांना चामडं, आतली शाई तपकिरी पडलेली. काही इंग्रजीत, काही मोडीत, पुढची देवनागरीत. गलबताचं नाव, तांडेलाचं म्हणजे गलबताच्या कप्तानाचं नाव, माल, कुठून आलं, कुठे निघालं आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. दुपारी काम नसलं की मी ती चाळायचो. बहुतेक शेरे रिकामे. पण मध्येच कधीतरी एखाद्या गलबतापुढे कोणा जुन्या कारकुनाने बारीक अक्षरात दोन शब्द लिहिलेले असायचे, 'परत नाही'. बस. नाव आहे, तांडेल आहे, किती खंडी मीठ ते आहे, आणि परत नाही. अशा किती नोंदी होत्या मी मोजल्या नाहीत, तेव्हा मोजायचं सुचलं नाही.

मग एका पावसाळ्यात छप्पर गळलं, वाळवी लागली, वरून आदेश आला की जुनं अनावश्यक रेकॉर्ड निकालात काढा. यादी मी केली. सही मीच केली. किलोवर गेली सगळी रद्दीवाल्याला, आलेले पैसे चलनाने भरले, पावती फाइलला लावली, नियमाप्रमाणे एकदम चोख. बाजारात पुढचे काही महिने शेंगदाण्याच्या पुड्या त्या कागदांच्या येत होत्या. एका पुडीवर मी अर्धं नाव वाचलं होतं एका गलबताचं. पुडी फेकून दिली.

सँडरसनच्या त्या दोन ओळी जर असल्याच कुठल्या मागच्या खोलीतून रद्दीत गेल्या असत्या तर? हा विचार त्या दीपगृहाच्या माथ्यावर आला आणि पाय खरंच लटपटले, मुलीला वाटलं चक्कर आली, तिने पाण्याची बाटली दिली.

बरं आपल्याकडे बुडालेली जहाजं नाहीत असं नाही. गोव्याला दोना पावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, त्यांच्या लोकांनी गोव्याच्या किनाऱ्याजवळ सेंट जॉर्ज रीफ नावाच्या खडकावर बुड्या मारून एका जहाजाचा माल शोधलाय. माल कसला तर कौलं, कोने, विटा, मातीचे पाइप, खांबांचे नक्षीदार तुकडे. आणि कौलांवर छाप बासेल मिशनचा, म्हणजे मंगळूरच्या कौलांच्या कारखान्याचा, १८६५. ज्यांची घरं जुनी आहेत त्यांनी कधी कौल पालटून बघितलं असेल तर हा छाप ओळखीचा असेल, आमच्या घरावर होती ती कौलं, लहानपणी शाकारताना मी ती अक्षरं बोटाने गिरवायचो. म्हणजे एकोणिसाव्या शतकातलंच जहाज, बांधकामाचा माल भरून किनाऱ्याकिनाऱ्याने चाललेलं, खडकावर बसलं. धातूचा सांगाडा मिळत नाही त्यामुळे लाकडीच असणार असं अभ्यासक म्हणतात. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे असतात, ते फळीची चाळण करून टाकतात, म्हणून लाकूड गेलं आणि कौलं राहिली. इकडच्या गोड्या थंड पाण्यात तो किडा नाही म्हणून दीडशे वर्षांनी पण जहाज अख्खं मिळतं. हल्ली मात्र इथे पण बाहेरून आलेले शिंपले आहेत, क्वागा म्हणतात, ते लाकडावर थरच्या थर चढतात आणि वजनाने, चिकटून, सगळं मोडतात, त्यामुळे शोधणाऱ्यांची घाई चाललीय.

तर बघा कसं आहे. या लोकांकडे जहाजाचं नाव होतं, कप्तान होता, तारीख, वेळ, माल सगळं होतं, फक्त जहाज नव्हतं. आपल्याकडे जहाजाचा माल सापडलाय आणि नाव नाही, तांडेल नाही, कुठल्या बंदराला चाललं होतं ते नाही. कोणाच्या तरी रजिस्टरात त्याची ओळ असेल. शेऱ्याच्या रकान्यात 'परत नाही' लिहिलेलं असेल. माझ्याच रजिस्टरात असेल असं म्हणत नाही, पण नसेल असं पण छातीठोकपणे म्हणता येत नाही ना, तीच पंचाईत आहे.

आणखी एक, कारण बातमीखाली कोणीतरी कमेंट केली होती की आता ते जहाज बाहेर काढून म्युझियममध्ये ठेवावं. नको. याच ग्रीन बेच्या पाण्यात हा प्रयोग होऊन गेलाय. 'अल्विन क्लार्क' नावाचं स्कूनर, १८४६ चं, १८६४ मध्ये वादळात उलटलं. १९६७ मध्ये एका मच्छीमाराचं जाळं अडकलं, ते सोडवायला फ्रँक हॉफमन नावाचा पाणबुड्या खाली गेला तर खाली जहाज. १९६९ मध्ये त्यांनी ते अख्खं वर काढलं, आत मडक्यात चीज होतं ते पण खाण्यासारखं राहिलेलं. केवढी गर्दी लोटली असेल. मेनोमिनी गावात तिकीट लावून ठेवलं. पण शंभर वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड हवेत आलं की त्याला औषधपाणी, छप्पर, तज्ञ, पैसा लागतो, तो कोणाकडे नव्हता. उघड्यावर कुजत गेलं, वाळलं, तडकलं, आणि १९९४ मध्ये बुलडोझर लावून पाडून टाकलं. पाण्याने शंभर वर्षं जपलं ते माणसांनी पंचवीस वर्षांत संपवलं. त्यानंतर इथले लोक शहाणे झाले असावेत, आता जहाज आहे तिथेच ठेवतात, फोटो काढतात, मोजमाप घेतात, १९८७ चा कायदा आहे की बेवारस बुडालेली जहाजं राज्याच्या मालकीची, त्यामुळे खिळा पण उचलता येत नाही.

मला विचाराल तर जहाजाचा हा खटाटोप परदेशी लोकांना परवडतो, आपण लगेच सोनार घेऊन निघावं असं मी म्हणत नाही. माझी मागणी फार कमी खर्चाची आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर, गोव्याच्या किनाऱ्यावर अजून अशी घरं आहेत ज्यांच्या माळ्यावर तांडेलाच्या, दलालाच्या, भुसारी व्यापाऱ्याच्या जुन्या वह्या आहेत. फत्तेमारीचा हिशोब, मालाची यादी, कोण गेलं कोण आलं नाही. आणि मच्छीमारांना विचारा, जाळं कुठे अडकतं, फळी कुठे येते, कौल कुठे येतं, त्या जागा त्यांना वर्षानुवर्षं पाठ आहेत, फक्त कोणी लिहून घेत नाही, सगळे फक्त डिझेलचा भाव विचारतात. आपण पेपरात आठवड्यातून एक अर्धा कॉलम द्या. लोकांना सांगा वहीचं पान मोबाइलवर फोटो काढून पाठवा, मोडी वाचणारे अजून आहेत, त्यांना काम मिळेल. मी इकडून जानेवारीत परत येतोय, आलेलं सगळं नावनिशी तारखेप्रमाणे लावून देण्याचं काम फुकट करीन. रजिस्टर ठेवणं हे एकच काम मला नीट येतं आणि एकदा मी ते नीट केलेलं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त कारकून
मूळ देवगड तालुका, सध्या मुक्काम ग्रीन बे

ता. क. – मीटरचं फूट तेवढं करून दुरुस्ती छापा. १४४ मीटरचं लाकडी जहाज वाचून आमच्या गावातला एक म्हातारा तांडेल फोनवर इतका हसला की त्याला ठसका लागला.